बुडाला भोक असलेलं मडकं

टेकडीवरच्या जुन्या दगडी तटाला सरकारनं वारसास्थळ म्हणून कुंपण घातलं, तेव्हापासून म्हाताऱ्या रोझविटाला कुंपणाआतल्या स्वतःच्या लेकीच्या थडग्यापाशी जायलाही परवानगी लागायची. चार वर्षांत ती एकदाच मिळाली. आज मात्र वारसा दिन होता. फाटक सताड उघडं, आणि बसगाड्या भरभरून आणलेल्या शाळकरी पोरांना पूर्वजांची ओळख करून देणं चाललं होतं. ज्यांचे पूर्वज त्या टेकडीखाली पुरलेत, त्यांच्याही गळ्यात 'पाहुणे' अशी चिठ्ठी अडकवत होते. रोझविटानं ती अडकवून घेतली आणि मेलेल्यांना वाहायच्या तपकिरीची पुडी घेऊन ती तडक थडग्याकडे गेली.

थडग्यावर मडकं नव्हतं. लेक नेत्साई गेली तेव्हा तिच्या मडक्याच्या बुडाला रोझविटानंच दगडानं भोक पाडलं होतं. मेलेल्याच्या भांड्यातून जित्या माणसानं पुन्हा खाऊ-पिऊ नये म्हणून ते तसंच करायचं असतं. एवढं तर इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

मडकं तिला सोहळ्याच्या मंडपात दिसलं. काठाखाली लेकीनं नखांनी कोरलेली नक्षी तिनं लांबूनच ओळखली. बुडाचं भोक प्लास्टरनं लिंपलं होतं, आत काठोकाठ आंबील होती, आणि पोरं रांग लावून ती पेल्या-पेल्यानं पीत होती. प्रॉस्पर नावाचा तरुण अधिकारी कर्ण्यावरून सांगत होता, की हे मडकं पाचशे वर्षांपूर्वीचं आहे.

रोझविटाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती रांग मोडून पुढं घुसली आणि म्हणाली, मडकं माझ्या लेकीचं आहे, तिला जाऊन बेचाळीस वर्षं झालीत. मंडपात हशा पिकला. प्रॉस्पर समजुतीच्या सुरात म्हणाला, आजी, पुराव्यासकट अर्ज करा, आम्ही विचार करू.

"तुझी आई आहे का रे?" तिनं विचारलं.

"दोन वर्षं झाली जाऊन."

"तिच्या मडक्याला भोक कुणी पाडलं?"

प्रॉस्परनं आधी कर्णा बंद केला. "मी," तो म्हणाला.

"म्हणजे तुला ठाऊक होतं."

वरिष्ठांना मडकं अख्खं हवं होतं, असं काहीतरी तो पुटपुटला. रोझविटाला त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. पोरांना मात्र ती काही बोलली नाही. पोटात गेलेली आंबील आता कोण काढणार होतं? उरलेली तिनं जमिनीवर ओतली, मडकं काखेत मारलं आणि ती चालू लागली. वस्तूची नोंद झालीय, पोलीस येतील, असं बजावत प्रॉस्पर मागोमाग धावला.

थडग्यापाशी तिनं मडकं उपडं ठेवलं आणि एक दगड उचलून त्याच्या हातात दिला.

"बुजवलंस तू. आता फोड. आईचं फोडलंस ना, तसंच."

"माझी नोकरी जाईल, आजी."

"जाऊ दे."

प्रॉस्परनं दगड हळूच गवतात ठेवला आणि मंडपाची वाट धरली. थोड्याच वेळात कर्णा पुन्हा सुरू झाला, पाचशे वर्षांची तीच कथा, नुसतं मडकं तेवढं नव्हतं.

रोझविटा गुडघ्यांवर बसली आणि तिनं दगड उचलला. लेकीच्या मडक्याला तिला दुसऱ्यांदा भोक पाडावं लागलं. पहिल्या वेळी दगडावर तिच्या हाताबरोबर नवऱ्याचाही हात होता. आज एका घावात प्लास्टर सुटलं.