फुलाच्या बाजूनं

मेधाताई दाराबाहेर उकिडव्या बसून जुन्या टूथब्रशनं लाद्यांच्या फटी घासत होत्या. रांगोळीची पांढरी भुकटी काही केल्या निघत नव्हती. तीन आठवडे झाले होते त्या रांगोळीला.

"आई, ऊठ गं. चारला निघायचंय खाली," ऋता म्हणाली. "आणि तिथं काही बोलायचं नाही. हात जोडायचे, पाच मिनिटं बसायचं, वर यायचं."

"सॉरीसुद्धा नाही?"

"सॉरी तर मुळीच नाही."

ऋता वकील. परदेशातल्या, सेंगकांगच्या या फ्लॅटमधून रोज एमआरटीच्या मेट्रोनं ऑफिसला जायची आणि विमा कंपन्यांच्या वतीनं भांडायची. लोकांना गप्प बसायला सांगण्यात तिची बारा वर्षं गेली होती. आता घरातच ती वेळ आली होती.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मेधाताईंनी दारात सडा घातला होता. साताऱ्याच्या अंगणात माती पाणी पिऊन टाकते. इथल्या चकचकीत लाद्या कसलं पितायत! म्हणून त्यांनी मधली जागा फडक्यानं कोरडी केली, तिथं नेहमीचं आठ पाकळ्यांचं कमळ काढलं. कडेचं पाणी मागाहून पुसायचं होतं. तेवढ्यात धाकट्या भावाचा, संजीवचा, फोन आला. दिवाळीचा फोन, तो काय दोन मिनिटांत संपतो? फराळात काय काय झालं इथपर्यंत गप्पा आल्या आणि बाहेर धप्पकन आवाज झाला.

शेजारच्या लिम आंटी पडल्या होत्या. वय एकोणऐंशी. खुब्याचं हाड मोडलं, हॉस्पिटलात न्युमोनिया झाला आणि परवा त्या गेल्या.

दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. चकली इकडून तिकडे जायची, संत्री तिकडून इकडे यायची, आणि संध्याकाळी दोघी चपलांच्या कपाटावर शेजारी शेजारी बसायच्या. परक्या देशात मेधाताईंना एवढी एकच मैत्रीण मिळाली होती.

"शेजाऱ्याला आपल्यामुळे इजा होईल हे कळण्यासारखं असेल, तर काळजी घेणं हे कायद्यानं आपलं कर्तव्य असतं," ऋतानं त्यांना समजावलं होतं. "ती घेतली नाही, तर निष्काळजीपणा."

"मग नाहीच ना घेतली मी?"

"म्हणूनच बोलायचं नाही! अगं, दावा लावला त्यांनी तर हा फ्लॅट जाईल, कळतंय का तुला?"

मेधाताईंना कळत होतं. लेकीजावयानं पै पै जोडून घेतलेलं घर होतं. तरी घास गिळताना त्यांना तो धप्प आवाज ऐकू यायचा.

आणखी एक गोष्ट होती, तिच्याबद्दल दोघी बोलत नसत. त्या सकाळी अँब्युलन्सची माणसं लिफ्टमधून बाहेर यायच्या आत ऋतानं लादी खडखडीत पुसून घेतली होती. आणखी कुणी घसरू नये म्हणून, असं तिनं नवऱ्याला सांगितलं. कशा पडलात, असं त्या माणसांनी विचारलं, तेव्हा आंटी नुसत्या कण्हत होत्या. ऋता म्हणाली, "वय झालंय त्यांचं."

इमारतीखालच्या मोकळ्या जागेत आंटींच्या अंत्यदर्शनासाठी पांढरा मांडव घातला होता. गोल टेबलांवर शेंगदाणे आणि सरबताचे छोटे खोके होते. फोटोतल्या आंटी हसत होत्या. मेधाताईंनी हात जोडले आणि त्यांना रडूच फुटलं. ऋतानं त्यांना दंडाला धरून खुर्चीत बसवलं.

आंटींचा मुलगा, पन्नाशीचा अ‍ॅलन, समोर येऊन बसला. तो ऋताशी इंग्रजीत बोलू लागला.

"तुम्ही आलात, बरं झालं. मीच वर येणार होतो. आईचा निरोप आहे तुमच्या आईंसाठी." त्यानं फोटोकडे पाहिलं. "तुमच्या दारातलं ते फूल तिला फार आवडायचं. फोटो काढून मला पाठवायची. हॉस्पिटलात दोनतीनदा म्हणाली, त्यांना सांग, मी फुलावर पाय नाही दिला. बाजूनं गेले."



"काय म्हणतोय गं?" मेधाताईंनी विचारलं.

आभार मानतोय, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. ते ऋताच्या ओठांवरही आलं होतं.

"आंटींचा निरोप आहे," ती म्हणाली. "फुलावर पाय नाही दिला म्हणाल्या. बाजूनं गेले म्हणाल्या."

बाजूलाच तर पाणी होतं. मेधाताईंनी अ‍ॅलनचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

"अरे बाळा, पाणी मीच शिंपडलं होतं रे. पुसायचं राहिलं माझ्याकडून. माझं चुकलं."

मराठीतच बोलल्या त्या. दुसरं काय येत होतं त्यांना? अ‍ॅलननं ऋताकडे पाहिलं.

"तुमच्या आई काय म्हणतात?"

ऋतानं टेबलावरचे शेंगदाणे एका ओळीत लावले. मग ओळ मोडली.

"लादी ओली होती," ती इंग्रजीत म्हणाली. "पाणी आमचं होतं. आई म्हणते, तिचं चुकलं." तिनं शेंगदाणे बाजूला सारले. "आणि हे ती म्हणाली नाही, मी सांगतेय. अँब्युलन्स यायच्या आधी ते मी पुसून टाकलं."

मांडवातला पंखा घरघरत होता.  अ‍ॅलनचा हात मेधाताईंच्या हातांतच होता; त्यानं तो काढून घेतला नव्हता, अजून तरी.