अक्रोड आणि चौथा तास

डॉक्टरांनी बजावलं होतं की पहिल्या तासाला भिऊ नका, चौथ्याला भ्या.

"लाकडाची भुकटी बाधायची असेल तर लगेच बाधेलच असं नाही. सकाळी घासलंत, तर दुपारी छाती भरेल. दर तासाला यात फुंका आणि आकडा लिहून ठेवा."

'यात' म्हणजे वीतभर प्लॅस्टिकची नळी, वर सरकता काटा. दादाचा श्वास नीट असला की काटा साडेचारशेच्या पुढे जायचा. दोन महिन्यांपूर्वी त्याला उचलून दवाखान्यात नेलं, तेव्हा तो दीडशेलाही हलत नव्हता. ओठ निळे पडले होते. माझा सख्खा भाऊ माझ्याकडे बघत होता आणि त्याला माझं नावही घेता येत नव्हतं.

तीस वर्षं दादा गिटारी बनवतोय, आणि पाठ नि कडा शिसवीच्याच, हा त्याचा नेम. ज्या लाकडावर त्याने जीव लावला, तेच त्याच्या जिवावर उठलं. डॉक्टर म्हणाले, "शिसव बंद. पुढच्या वेळी इथवर पोचालच, असं मी म्हणणार नाही." त्या दिवसापासून वहिनींच्या खिशात इनहेलर असतो, आणि बोलता बोलता त्यांचा हात तिकडे जातो.

शिसवीच्या फळ्या दुसऱ्या कारागिराला देऊन टाकल्या. कारखाना ओल्या फडक्याने तीनदा पुसला. अक्रोड सुचवला मी. मी पॉलिश करते. अक्रोडावर हात फिरवताना मला नेहमीच बरं वाटायचं.

"अक्रोड?" दादा म्हणाला. "कपाटं करायचीत का आपल्याला, मुंगे?" दिवसभर छोटी छोटी वर्तुळं घोटते म्हणून मी मुंगी.

"कपाट तर कपाट. आत बसून वाजव."

पण अक्रोडही काहींना बाधतो, हे डॉक्टरांनी सांगितलं होतंच. अक्रोडही बाधला तर लाकूडकाम कायमचं सोडायचं. सुचवलं मी होतं. आता त्याचं काही बरंवाईट झालं तर देवापुढे उभं राहून मी काय सांगणार होते?

सोमवारी सकाळी आठला दादाने नळीत फुंकलं. चारशे साठ. मास्क लावून खिडकीशी बसला आणि पंधरा मिनिटं अक्रोडाची फळी घासली. वहिनी दाराबाहेर उभ्या. मी शेजारच्या खोलीत स्पिरिटचा बोळा हातात धरून नुसती ऐकत होते. घासायच्या पेपरचा खसखसाट थांबला की माझं काळीज थांबायचं.

नऊला चारशे साठ. दहाला चारशे पन्नास.

"मी काय गॅसवरचं दूध आहे का," दादा वैतागला, "उतू जाईल म्हणून दोघी टक लावून बसल्यात!"

मग त्याने फळी दोन बोटांत लोंबती धरली आणि वाकवलेल्या बोटाने टकटक केलं. फळीने स्वच्छ उत्तर दिलं आणि ती थांबली.

"बरा आहे," तो म्हणाला. "पण लवकर गप्प होतो."

"मग बरंच की. गिटार कुणाची आहे? गाऊन उपदेश करणाऱ्या गुरुजींची. त्यांचे शब्द लोकांना ऐकू यायला नकोत? शिसव त्यांच्या बोलण्यावर बोलत राहील."

"तू पॉलिश कर," म्हणून तो हसला. "आणि जा, दोघी खाऊन घ्या. माझ्याकडे बघून पोट भरणार नाही."

आम्ही अर्ध्या तासाने परतलो. अकराला काटा चारशे वीसवर थांबला. वहिनींनी आकडा लिहिला. बाराला तीनशे साठ. साडेबाराला दादा बोलता बोलता वाक्याच्या मध्येच थांबला, आणि त्या थांबण्यात मला ती बारीक शिट्टी ऐकू आली. छातीतून येणारी. ती ज्याने एकदा ऐकली तो ती विसरत नाही.

"अहो, पाठ टेका. टेका म्हणते ना!" वहिनींनी इनहेलर त्याच्या तोंडाशी धरला. एकदा. दोनदा. दादाची मान ताठ, दोन्ही हात टेबलाच्या कडेला रुतलेले. मी देवाचं नाव घेत होते आणि नामाच्या मध्येच त्याचे श्वास मोजत होते. कुठलंच धड होत नव्हतं. देवा, मी सुचवलं. काय ते माझ्यावर येऊ दे, त्याच्यावर नको.

पंधरा-वीस मिनिटांनी शिट्टी विरत गेली. दादाने डोळे मिटले.

"संपलं," वहिनी म्हणाल्या. "आजच कुलूप लावते. वन्सं, हत्यारं आवरा."

त्याचा हात घामाने भिजला होता. पुसायला हाताशी दुसरं काही नव्हतं, म्हणून मी माझा स्पिरिटचा बोळाच त्याच्या बोटांवरून फिरवला. आणि बघितलं.

बोळा जांभळा झाला होता.

अक्रोडाची भुकटी स्पिरिटने फिकट तपकिरी होते. जांभळा रंग सोडते ती शिसव. वीस वर्षं मी हेच पुसत आलेय.

"दादा, हे अक्रोडाचं नाही."

वहिनी माझ्याकडे, मग त्याच्याकडे बघायला लागल्या.

"एक तुकडा ठेवला होता," शेवटी तो म्हणाला. "तळहाताएवढा. साच्यांच्या मागे. तुम्ही खायला गेलात तेव्हा... दोन्ही एकदा शेजारी ठेवून ऐकायचे होते. त्याची कड जरा खडबडीत होती, म्हणून चार हात मारले."

"मास्क लावून?"

"मास्कमध्ये स्वतःच्या श्वासाशिवाय काही ऐकू येत नाही गं."

वहिनी ओरडतील असं वाटलं. त्या खाली बसल्या, तिथेच, फरशीवर. "मला एकटीला टाकून जायला निघाला होतात," त्या हळू म्हणाल्या, "आणि कशासाठी, तर आवाज ऐकायला."

दादा त्यांच्याशेजारी उतरून बसला.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, आजची परीक्षा फुकट गेली. आठ दिवस थांबा, छाती निवू द्या, मग पुन्हा.

ते आठ दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला ठाऊक. आधीची भीती अनोळखी होती. आता तिचं तोंड बघितलं होतं. शिवाय या वेळी काही झालं तर दोष द्यायला शिसव नव्हती. तो तुकडा वहिनी स्वतः पिशवीत बांधून त्या कारागिराकडे देऊन आल्या, आणि साच्यांच्या मागचा कोपरा गुडघ्यावर बसून पुसला.

मंगळवारी सकाळी दादाने पुन्हा अक्रोड घासला. या वेळी आम्ही दोघी खोलीतच होतो, खाणंपिणं सगळं तिथेच. मस्करी कुणी केली नाही. अकराला साडेचारशे. बाराला साडेचारशे. एकला चारशे चाळीस, आणि वहिनींच्या हातातलं पेन कागदावर टेकून राहिलं.

"परत फुंका."

साडेचारशे.

"तोंड नीट लावलं नव्हतं," दादा म्हणाला.

"नीट लावा मग! जीव घ्याल माझा."

दोनला साडेचारशे. चारला चारशे साठ. सहाला चारशे साठ. माझे हात जुळलेलेच राहिले; देवाला काय म्हणावं ते सुचेना.

डॉक्टरांचा आवाज फोनवर मोकळा होता, पण ते म्हणाले, "आज बाधला नाही. पुढे कधी बाधणारच नाही, हे मी लिहून देऊ शकत नाही. मास्क काढायचा नाही. आणि रोज फुंका."

दादाने पाठीसाठी अक्रोडाच्या जुळ्या फळ्यांचे दोन जोड समोर घेतले. एकाच्या अंगावर पाण्यासारखी नक्षी होती, दुसरा साधा, रेषा सरळ. नक्षीचा जोड माझ्या डोळ्यांत भरला होता.

"हा साधा," मास्कमधून त्याचा आवाज दबून आला. "नक्षी बघणाऱ्याला. सरळ रेष ऐकणाऱ्याला."

मग साचा ठेवून त्याने पेन्सिलीने गिटारीच्या पाठीची रेघ ओढायला घेतली. कमरेच्या वळणावर ती जरा बाहेर गेली. त्याने रेघ खोडली आणि पुन्हा ओढली.

वहिनींनी वहीत चारशे साठ लिहिले. त्याखाली उद्याची तारीख घातली, सकाळचे आठ लिहिले, आणि पुढची जागा कोरी ठेवली.