सातव्या वेढ्याचा दोरा

“डिझाइन बरोबरच आहे साहेब. तार आमच्या वहिनींनी गुंडाळलीय, तिथंच काहीतरी चुकलं असणार,” असं विज्ञान प्रदर्शनात दीर परीक्षकांना म्हणाला, आणि मागं चहाचा कप धरून उभ्या असलेल्या वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सकाळपासून हाच माणूस येईल त्याला सांगत होता की ही टेस्ला कॉइल मी बनवली. टेबलावर पाटीही तशीच, ‘रचना व निर्मिती’ आणि खाली त्याचं एकट्याचं नाव. तेव्हा तार कुणी गुंडाळली हे त्याला आठवलं नाही. परीक्षकांसमोर बटण दाबलं, खाली नुसताच तडतडाट झाला, वर ठिणगी उडेना, तेव्हा बरी वहिनी आठवली. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

नवरा गेला तेव्हा दिरानं वहिनींना मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात बसवलं, ते उपकार म्हणून. बावीस वर्षं झाली. जळालेल्या मोटारींत नवी तार वहिनी भरायच्या, गल्ल्यावर दीर बसायचा, आणि उपकार मात्र अजून त्याचेच होते. इतकी वर्षं तार गुंडाळली, पण तारेतून जाते ती वीज कधी दिसली नाही. एकदा तरी ती डोळ्यांनी बघायची, एवढीच वहिनींची हौस. रद्दीतल्या एका मासिकात, हवेत वीज उडवून दाखवणाऱ्या टेस्ला कॉइलची आकृती सापडली आणि त्यांनी ती घडी घालून पर्समध्ये ठेवली.

मग चार महिने जेवणाच्या सुट्टीत दोन घास खाऊन त्या कामाला लागायच्या. सांडपाण्याच्या पाइपावर केसाएवढ्या तारेचे अकराशे वेढे, एकावर एक चढू न देता. सहाशे चाळिसाव्याला एक वेढा चढला, तर तिथपर्यंत उलगडून पुन्हा घातला. जुन्या दुकानाच्या झगमगत्या पाटीचा ट्रान्सफॉर्मर, वीज साठवायला मिठाचं पाणी भरलेल्या काचेच्या बाटल्या, पाइपाच्या डोक्यावर पत्र्याचं गोल कडं, आणि खाली तांब्याच्या नळीचे दहा वेढे. त्या नळीवर एक चिमटा लावायचा. तो नेमक्या जागी बसला तरच वरच्या तारेचा न्‌ खालच्या नळीचा सूर जुळतो. ती जागा बोटाबोटानं शोधायला अकरा दिवस गेले, आणि सापडल्यावर वहिनींनी तिथं लाल दोरा बांधला. वाइंडिंग करणाऱ्याची खूण दोऱ्याचीच असते. ठिणगी उडताना दिरानं पाहिली आणि प्रदर्शनाचा अर्ज स्वतःच्या नावानं भरला.

वहिनींनी कप खाली ठेवला.

“बाजूला व्हा, भाऊजी.”

“वहिनी, इथं लोक आहेत.”

“म्हणूनच म्हणतेय. कुणालातरी लागेल.”

त्यांनी प्लग काढला, लाकडी मुठीची सळई लावून बाटल्यांमधली उरलीसुरली वीज उतरवली, आणि खाली वाकून पाहिलं. नळी लखलखत होती.

“दोरा कुठंय?”

“तो लाल? गबाळा दिसत होता. काल पॉलिश करताना काढून टाकला.”

“आणि चिमटा?”

“शेवटच्या वेढ्याला लावला. जितके वेढे जास्त, तितका जोर जास्त.”

बोलण्यासारखं खूप होतं, पण परक्या माणसांसमोर घरची अक्कल कशाला काढायची? वहिनींनी सातवा वेढा मोजला, पुढं चार बोटं सरकून चिमटा लावला, परीक्षकांच्या हातात एक ट्यूबलाइट दिली, त्यांना मागं सरकवलं आणि बटण दाबलं. जांभळी ठिणगी हातभर उडाली, तिला फाटे फुटले. परीक्षकांच्या हातातली ट्यूब तारेशिवायच लख्ख पेटली.

“चिमटा इथंच का?” परीक्षकांनी दिराला विचारलं. दीर वहिनींकडे बघायला लागला.

“तिथंच सूर जुळतो,” वहिनी म्हणाल्या. “वरचं कडं बदललं तर जागा परत शोधावी लागेल.”

“आपलं नाव?”

“आमच्या घरच्याच,” दीर मध्येच म्हणाला. “मदत करतात जरा.”

परीक्षकांनी मान डोलावली आणि पाटीवरचं नाव वहीत उतरवून घेतलं. म्हणजे विचारायचं एकाला, उत्तर द्यायचं दुसरीनं, आणि लिहायचं पाटीवरचं. एवढा शिकलेला माणूस, पण त्यालाही पाटीच खरी वाटली.

पहिल्या नंबरचं प्रशस्तिपत्र फ्रेम होऊन दुकानात गल्ल्यामागं लागलं. त्याखाली कॉइल. आणताना टेम्पोत चिमटा निघाला होता, तो दिरानं अंदाजानं कुठंतरी अडकवला होता.

सोमवारी एक मोठं गिऱ्हाईक आलं. दिरानं कौतुकानं त्याच्या हातात ट्यूब दिली, बटण दाबलं. खाली तडतडाट झाला. वर काही नाही.

“वहिनी, तो चिमटा कितव्या वेढ्याला हो?”

वहिनी पंपाच्या मोटारीत तार भरत होत्या. ती ठिणगी त्यांनाही बघायची होती, दिरापेक्षा जास्त बघायची होती.

“प्रशस्तिपत्रावर ज्यांचं नाव आहे, त्यांना विचारा भाऊजी,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी मान वर केली नाही. गिऱ्हाईक न पेटलेली ट्यूब हातात धरून तसंच उभं राहिलं.