पाण्यावर माग उरत नाही

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे आणि जन्मापासून भित्रा आहे. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकतो. पुढे मी कुठे शूर वाटलो, तर तो तुमचा गैरसमज समजावा.

मी विमानाचा टायर. मोठ्या विमानांचे असतात तसा कडक, ताठ मुळीच नाही. मी गुबगुबीत आणि गुळगुळीत, अंगावर साधी नक्षीसुद्धा नाही. कारखान्यात साच्यातून काढणाऱ्या बाईने माझ्या पोटात अंगठा रुतवून पाहिला आणि म्हणाली, "हा तर निव्वळ भोपळा!" आमच्यात हवा मुद्दाम कमी भरतात. म्हणजे गोट्यांवर, वाळूवर किंवा भिजल्या शेवाळावर उतरताना आम्ही आपटत नाही, पसरतो.

अलास्कात मी वासिलीच्या विमानाला लागलो. कापडी अंगाचं, पिवळं, एकामागे एक अशा दोनच सीटांचं ते विमान. उजवीकडे मी, डावीकडे माझा जुळा भाऊ. तो कधीच काही बोलत नसे. घाबरत तोही असणार, पण कुरकुर घरात एकानेच करावी असं त्याने ठरवलं असावं.

आमच्या गावाला रस्ता नव्हता. पीठ, चहा, टपाल, शिकारीचं मांस, अडलेली बाळंतीण, सगळं आमच्याच पाठीवरून यायचं-जायचं. उतरायला धावपट्टी क्वचितच मिळे. नदीच्या मधोमध वाळूची पट्टी उघडी पडलेली असली, की तीच आमची जागा.

वासिलीला, लाडाच्या नावाने वास्याला, लहानपणापासून त्याच्या आगाफिया आत्याने वाढवलं. आत्याचे यजमान वैमानिक होते. उतरायची रीत वासिली त्यांच्याकडून शिकला. अनोळखी वाळूवर एकदम उतरायचं नाही. आधी आम्हा दोघांना वाळूवरून नुसतं घासत न्यायचं, विमानाचा भार पंखांवरच ठेवायचा आणि वर उठायचं. मग वळून येऊन आमचा माग बघायचा. माग कोरडा राहिला तर उतरायचं. मागात पाणी झिरपलं तर घरी जायचं, मग खाली कोणी हात हलवत का उभं असेना. याला ते 'विचारून उतरणं' म्हणत.

त्या दिवसांतही मी प्रत्येक वेळी घाबरायचो. पण तेव्हा माझ्या भीतीला काही काम होतं. मला जे जाणवे ते वाळूवर उमटे आणि वासिली ते वाचे.

मग एकदा एक पट्टी फारच आखूड निघाली. वेग आधीच मोडावा म्हणून वासिलीने अलीकडच्या पाण्यावर आम्हाला टेकवलं. तुम्ही चपटा दगड पाण्यावर भिरकावता ना, तसे आम्ही सरसरत गेलो आणि नेमके वाळूवर चढलो. त्या दिवशी ते गरजेचं होतं. वासिली खाली उतरून मोठ्याने हसला. ते हसणं मला मुळीच आवडलं नाही.

कारण पुढच्या वेळी गरज नव्हती, तरी त्याने ते केलं. मग मित्र बघत होते म्हणून केलं. मग उन्हाळी जत्रेत लोक ते बघायला काठावर जमू लागले.

मित्रांनो, वेग असेपर्यंत पाणी फरशीसारखं असतं. वेग जरासा कमी पडला की तेच पाणी पाय धरतं. मग विमान नाकावर उलटतं, आणि आतली माणसं सीटच्या पट्ट्यांना लटकून बर्फाच्या पाण्यात डोकं खाली करून राहतात. मी हे दुसऱ्या एका विमानाच्या बाबतीत पाहिलं होतं. ते विमान आम्हीच शोधलं होतं. त्याबद्दल आणखी काही सांगत नाही.

लोक टाळ्या वाजवत. "काय हात आहे!" म्हणत. पण खाली होतो मी. कित्येकदा तो खरोखरच हात होता, हे मी कबूल करतो. पण कित्येकदा मी बुडायला लागलो असताना पंखाखाली वाऱ्याची झुळूक शिरली आणि आम्ही निभावलो. वर बसलेल्याला दोन्ही सारखंच वाटे. वाळूने त्याला खरं सांगितलं असतं. पाणी मात्र आमच्यामागे लगेच मिटायचं. बघायला मागच नसल्यामुळे वासिली सगळंच आपल्या हाताच्या नावावर जमा करत गेला.

त्या वर्षी जत्रेच्या दिवशी कडक ऊन पडलं होतं. असं ऊन पडलं की वर डोंगरांवरचा बर्फ वितळतो आणि दुपारनंतर नदी फुगते. पाणी राखाडी झालं होतं, काटक्या वाहून येत होत्या. हार्लन नावाचा वासिलीचा वैमानिक मित्र कर्णा घेऊन काठावर उभा होता. वासिली विमानाकडे आला, तर मागच्या सीटवर डोक्याला रुमाल बांधून आत्या!

"आत्या, हे काय?"

"बसलेय."

"ते दिसतंय. उतर, मला जायचंय."

"जा की. मी कुठे अडवलंय?"

"अगं, लोक बघतायत!"

"बघू देत. त्यासाठीच आलेत ना? मला रोज सांगतोस, आत्या, यात धोका नाही, ही हाताची कला आहे. मग मला का नको? म्हातारी बघून कला पळून जाते का रे तुझी?"

तेवढ्यात कर्ण्यातून हार्लन ओरडला, "वास्या, आज प्रवासी घेतोयस वाटतं! आत्याबाई, पोहता येतं ना?"

"तुला गेल्या वर्षी नदीतून केसांना धरून कोणी काढलं, ते सांग त्यांना!" आत्याने तिथूनच सुनावलं. काठ हसून लोटपोट झाला.

वासिली वाकला. हळू आवाजात म्हणाला, "आत्या, शेवटचं विचारतो. उतरतेस की नाही?"

"तूच सांग ना. 'यात धोका आहे, उतर,' एवढं म्हण. लगेच उतरते."

मित्रांनो, एवढंच म्हणायचं होतं. आत्याच्या भाराखाली दबून मी मनात घोकत होतो, म्हण रे बाबा, म्हण. वासिलीने हार्लनकडे पाहिलं. काठावरच्या गर्दीकडे पाहिलं.

"पट्टा डावीकडून घे," तो म्हणाला आणि पुढच्या सीटवर चढला.

आम्ही उठलो, लांबून वळलो आणि नदीवर खाली खाली येऊ लागलो. राखाडी पाणी माझ्या पोटाखालून पळत होतं. मी टेकलो. गाळाने जड झालेलं पाणी होतं ते, मला लगेच कळलं. तेवढ्यात माझ्या भावाला एक फांदी लागली. विमान डावीकडे ओढलं गेलं, नाक खाली गेलं आणि मी अर्ध्याहून जास्त आत गेलो. पाण्याने मला धरलं. इंजिन किंचाळलं. त्या आवाजाच्या वर मला आत्याचा आवाज ऐकू आला, फक्त एवढाच, "वास्या!"

मग आम्ही वर होतो. हाताने काढलं की वाऱ्याने, त्या दिवशी मलाही सांगता येणार नाही.

काठावर टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांना वाटलं, खेळातलाच भाग. "काय हात आहे!" हार्लन कर्ण्यातून गर्जत होता.

आम्ही गावामागच्या गवतावर उतरलो. इंजिन थांबलं. वासिली खाली आला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"उतर, आत्या."

"उतरते रे. हात दे."

त्याने तिला लहान मुलासारखं उचलून खाली घेतलं. ती माझ्यावरच टेकून बसली.

"जिंकलीस तू," वासिली म्हणाला. "झालं समाधान?"

"मी जिंकायला बसले होते का?" आत्याने रुमाल सोडला, पुन्हा बांधायला गेली, गाठ पडेना. "मला वाटलं, तू मला उतर म्हणशील. त्या भरवशावर बसले होते मी, वास्या. चढताना मनात म्हटलं, चार वाक्यं बोलेल आणि उतरवेल."

वासिली तिच्या पायाशी गवतात बसला आणि त्याने तिचे जोडे दोन्ही हातांनी धरले.

फांदीने माझ्या भावाला आरपार चीर पडली होती, म्हणून आम्हा दोघांना काढून नवी जोडी बसवली. वासिली अजून उडतो. पीठ आणतो, टपाल आणतो, वाळूला विचारून उतरतो. जत्रेत हार्लन अजून चिडवतो, "काय रे, हात गेला का तुझा?" वासिली म्हणतो, "गेला," आणि मासा खात राहतो.

मी आत्याच्या मासे धुरावर सुकवायच्या खोपटामागे पडलो आहे. उन्हाने अंगाला भेगा पडल्यात. एक म्हातारं कुत्रं माझ्यात वेटोळं करून झोपतं आणि त्याच्या अंगाला माशांचा वास येतो. तक्रार नाही.

मित्रांनो, एक विनंती करतो. धाडस करू नका असं मी सांगणार नाही. धाडस केल्याशिवाय आमच्या गावात पीठसुद्धा येत नाही. पण तुमच्या मागच्या सीटवर कोणी बसलं, तर ते तुमच्या हाताच्या भरवशावर बसलं आहे की तुम्ही त्याला उतरवाल या भरवशावर, हे आधी ओळखा. आणि उतरवायचं असेल तर मोठ्याने उतरवा, चारचौघांत. लोक हसतील, खुशाल हसू द्या. त्यांचं हसणं ऐकायला तुम्ही दोघंही काठावर असाल.