मनमाडहून खरगोन

यशोधराने निघण्याच्या गावापुढे मनमाड टाइप केले, पोहोचण्याच्या गावापुढे खरगोन, आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

सावेडीतल्या त्या कार्यालयात वेगवेगळ्या राज्यांच्या बसची आणि रेल्वेची वेळापत्रके एकाच संगणकात जोडायचे काम चालले होते. पुढे सगळा देश जोडायचा होता. आज मध्य प्रदेशच्या बस जोडून झाल्या होत्या. शेजारच्या टेबलावरच्या तुषारने चाचणीसाठी कुठलीही दोन गावे घ्यायला सांगितले होते.

पडद्यावर ओळी उमटल्या. मनमाड, धुळे, सेंधवा, खरगोन. संध्याकाळी निघालेला माणूस सकाळी पोहोचत होता.

तिची धाकटी बहीण रश्मी खरगोनला दिली होती. तीन वर्षांपूर्वी ती बाळंतपणात गेल्याचा निरोप आला, तेव्हा यशोधरा आईला घेऊन गावाकडून, राहात्याहून निघाली. मनमाडला संध्याकाळची रेल्वे चुकली. दुसरी वाट नाही, असे आई म्हणाली, म्हणून दोघी दुसऱ्या दिवसाच्या गाडीपर्यंत फलाटावर बसून राहिल्या. पोहोचल्या तेव्हा सासरचे लोक स्मशानातून परतून अंघोळी करून बसले होते.

तुषारने उत्तर बरोबर येते का, विचारले. तिने येते म्हणून सांगितले आणि पुढची दोन गावे घेतली.

घरी आली तेव्हा आई, भागिरथी, मेथी निवडत होती. यशोधरा पाय धुऊन समोर बसली आणि एक जुडी ओढून घेतली. बराच वेळ दोघी पाने खुडत राहिल्या. मग रोजचे काहीतरी सांगावे तशा आवाजात तिने संगणकातली वाट आईला सांगितली.

"धुळ्यावरून बस होती, आई. आपल्याला माहीत नव्हतं."

भागिरथीचे हात थांबले नाहीत.

"मला ठावं हुतं," ती म्हणाली. "तू पानी आनाया गेल्तीस, तवा हमालानं सांगितलं हुतं. धुळ्याची गाडी भाईर उभीच हाय म्हनला."

यशोधराने मान वर केली नाही.

"मग?"

"येळेत पोचलो असतो, तर मेल्या पोरीचं त्वांड बघाया लागलं असतं."

बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होते. ती चालू झाली आणि दूर गेली. यशोधराने आईच्या मांडीवरचे देठ गोळा करून बाजूला ठेवले आणि दुसरी जुडी सोडली.