आखाजीची डाळिंबी साडी

मी साडी बोलतेय. कशिशने मला धुतलं नाही, हे मी जीव तोडून सांगत होते. कुणाला खरं वाटलं नाही. माझ्या घडीत डांबरगोळीचा वास होता, तो कुणाच्या पेटीतला ते तरी हुंगून बघायचं. तेवढंही कुणी केलं नाही. साडी नेसतात, पिळतात, दोरीवर टाकतात. तिला विचारतं कोण?

माझा जन्म धुळ्याचा, यंत्रमागावरचा. रंग डाळिंबी, काठ बारीक पिवळा. उखर्डूने मला दुकानातून उचललं ते बहिणीसाठी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी आली की तिला साडी नेसवायची, आमच्या खानदेशात ते चुकत नाही. बहीण भिकुबाई, जळगावात पिंप्राळ्याच्या एका शाळेत झाडलोट करायची. त्याच पावसाळ्यात उखर्डू गेला. भिकुबाईने मला परत अंगाला लावलं नाही. पेटीत तळाशी ठेवलं. मला वाटायचं, नेसत का नाही ही बाई? कापडाला अंधारात एकटं पडून राहायला काय आवडतं?

मग यंदा दिवाळीच्या सुट्टीत शाळेत नाटकाचं शिबिर लागलं. पुण्याहून सुलक्षणाताई आली. खरी नाटकात काम करणारी. पोरांना वर्तुळात बसवायची, श्वास घ्यायला शिकवायची, म्हातारं माणूस कसं उठतं ते बघून या म्हणायची. नाटकात आजीचं काम कशिशला मिळालं. कशिश सातवीतली, शकील सुताराची पोर. वर्गात कधी तोंड न उघडणारी. ती भिकुबाईच्या मागे मागे फिरून तिची चाल शिकली, गुडघ्यावर हात ठेवून उठणं शिकली. भिकुबाई हसायची. म्हणायची, माझीच नक्कल मलाच दाखवते ही.

ताईने वर्गात सांगितलं, आजीसाठी कुणीतरी साडी आणा. भिकुबाई दारात केर भरत होती. तिने ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन आली. चारचौघांपुढे जायचं तर घरातलं चांगलं द्यायचं, एवढं तिला कळत होतं. ताई छान म्हणाली आणि मला घेतलं. भिकुबाई गेल्यावर पोरांना म्हणाली, ही फार नवी दिसते, हिला म्हातारी करू.

मला चहाच्या पाण्यात उकळलं. काळ्या मातीत लोळवलं. दगडाने काठ घासून फाडला. पोरं खिदळत होती. मी म्हणत होते, अरे, मी भावाची भेट आहे. पण खरं सांगू? इतके हात एकदम माझ्या अंगाला कधी लागले नव्हते. कशिश मला नेसून कमरेत वाकली आणि सगळा वर्ग गप्प झाला, तेव्हा मीही सगळं विसरले.

रंगीत तालीम झाली. ताईचा नियम होता, आपला पोशाख आपण सांभाळायचा. कशिशने मला मागच्या दोरीवर नीट टाकलं आणि ती घरी गेली. संध्याकाळी भिकुबाई झाडायला आली. मला बघून तिने फाटका काठ हातात घेतला. पोरांनी मस्ती केली असं तिला वाटलं. कुणावर तक्रार नको म्हणून मुकाट्याने घरी नेलं, घासघासून धुतलं, काठ शिवला, खळ दिली, गादीखाली घडी पाडली आणि पेटीत डांबरगोळ्यांजवळ ठेवलं. नाटकाच्या दिवशी सकाळी आणून जागेवर ठेवलं आणि खुर्च्या मांडायला निघून गेली.

ताईने घडी उलगडली. मी कडक, लखलखीत. ताईचा चेहरा उतरला. कशिश म्हणाली, मी नाही धुतली. प्रेमराज सर मुख्याध्यापक. ते म्हणाले, घरी नेली असेल, आईने धुतली असेल.

"सर, अम्मीला माझा गणवेश धुवायला वेळ नाही," कशिश म्हणाली.

पोरं हसली. ताई हसली नाही. नियम म्हणजे नियम, म्हणाली. आजीचं काम वर्गातल्या मयुरीला दिलं, ती पळत जाऊन घरून आपल्या आजीची जुनी साडी घेऊन आली. कशिश पडद्याची दोरी धरून उभी राहिली. मी तिच्या पायाशी पडून होते. तिचे ओठ आजीचं एकेक वाक्य बोलत होते, आवाज न काढता.

नाटक संपलं तशी भिकुबाई आत आली. "नाटकात माझी साडी कुठे दिसली नाही," म्हणाली. मग पोरांकडून तिला सगळं कळलं. ताई गाडीत सामान ठेवत होती. भिकुबाई तिथे गेली आणि आपल्या अहिराणीत म्हणाली,

"ताई, साडी मी धुई. पोरनी काय चूक शे?"

"मावशी, आधी सांगायचं ना. आम्हाला जुनीच हवी होती."

भिकुबाईने स्वतःच्या अंगावरच्या विटक्या साडीचा पदर पुढे धरला.

"तुम्ही जुनी मांगी व्हती का? जुनी तं मन्हा आंगवर शे."

ताईने घड्याळ बघितलं. कशिशला माझ्याकडून सॉरी सांगा म्हणाली आणि गाडी गेली.

भिकुबाईने मला परत नेलं नाही. कशिशची आहे म्हणाली. कशिशला मी बघवत नाही, ती खेळाच्या खोलीवरून मान वळवून जाते. मी तिथल्या कपाटात आहे, हवा गेलेल्या चेंडूंजवळ. दार महिनोन्‌महिने उघडत नाही. कुणीतरी मला काढा. फरशी पुसायला काढा, चालेल. माणसाचा हात तरी लागेल.

शिक्षकांच्या खोलीतलं बोलणं इथवर येतं. कुणी म्हणतं पोर बेफिकीर. कुणी म्हणतं भिकुबाईला नसते उद्योग. मी ऐकते आणि आतल्या आत जळते. पोरीने सांभाळलं, बाईने जपलं. जिने घेतलं, पण कुणाचं, कसलं, हे देणारीला एका शब्दाने विचारलं नाही, तिचं नाव घ्या की. सुलक्षणा.