दोन फेऱ्यांचे कुलूप

बाईने किल्ली काउंटरवर ठेवली आणि किल्लीवाल्याने ती हातात घेण्याआधीच ओळखली. स्वतःच्या घरच्या प्रत्येक किल्लीच्या माथ्यावर तो कानशीने एक बारीक खाच पाडत असे. ही खाच त्याचीच होती. किल्ली सुतारखान्यावरच्या खोलीची, म्हणजे त्याच्या खोलीची होती. पण ती त्याने दिली होती बेकरीच्या भट्टीवर काम करणाऱ्या एका एकट्या माणसाला, आणि समोर उभी होती औषधांच्या कारखान्यातला निळा कोट घातलेली तिशीची बाई.

"एक जादा करून द्या ना काका. हरवली तर पंचाईत होईल."

"नवीन राहायला आलात वाटतं?"

"नवीन कसलं, पावसाळ्याच्या आधी आलो."

"घरमालक बरा आहे का?"

"बेकरीवाले दादा आहेत. कटकट नाही त्यांची," बाई हसून म्हणाली.

किल्लीवाला मशीनकडे वळला. मशीनवर किल्ली चढवली, दात कापले, कड घासून गुळगुळीत केली. काम चोख झाले. रागाच्या भरातही त्याच्या हातून वाईट किल्ली झाली नसती, एवढा अभिमान त्याला होता.

घरी मात्र त्याने अर्धे ताट तसेच सारले. त्याच्या वडिलांच्या दोन खोल्या अशाच गेल्या होत्या. भाडेकरूने पोटभाडेकरू ठेवला, पोटभाडेकरूने पाय पसरले, आणि खटला चालता चालता वडीलच संपले. ही एक खोली किल्लीवाल्याने आयुष्यभर लोकांच्या दारांत वाकून उभी केली होती. त्याच्यामागे बायकोला तेवढाच आधार होता. ती हातची गेली, तर वडिलांचाच कित्ता गिरवल्यासारखे होणार होते.

त्या दिवशी मेहुणा आला होता. तो कोर्टात कारकून होता आणि जेवतानाही फाइल चाळल्यासारखा बोलायचा.

"भावजी, आधी नोटीस. लेखी. मग वर जा, दार वाजवा, कोण राहतं ते डोळ्यांनी बघा. बोला त्यांच्याशी. निम्मी प्रकरणं तिथंच मिटतात."

"आणि नाही मिटलं तर?"

"तर कोर्ट. पण एक लक्षात ठेवा, कुलपाला हात लावायचा नाही. भाडेकरूनं काय केलं ते कोर्ट विसरेल, मालकानं ठोकलेलं कुलूप विसरत नाही. आणि त्यांच्या मागं आत तर पाऊलही टाकू नका. चमचा हरवला तरी चोरीचा आळ येईल."

"तुझ्या नोटिशीला दात नसतात रे. किल्लीला असतात."

"अहो, शिकलेला माणूस सांगतोय ते ऐका की," बायको म्हणाली.

"ऐकतोय. आत पाऊल टाकणार नाही."

तेवढेच त्याने ऐकले.

दुसऱ्या दिवशी उन्हे वर आल्यावर तो हत्यारांची पिशवी घेऊन सुतारखान्याच्या बाजूचा जिना चढला. खाली सुताराची करवत कर्कश आवाज करत होती. दाराशी त्याने एकदा बोटे वर उचलली, वाजवायला म्हणून, आणि पुन्हा खाली घेतली. वाजवायचे कशाला? दारामागे कोणी आहे की नाही हे विचारायची त्याची स्वतःची रीत होती. त्याने आपल्याजवळची किल्ली भोकात घातली आणि उलटी फिरवून पाहिली. कुलपाला दोन फेरे दिलेले होते.

हे कुलूप त्यानेच बसवले होते. एक फेरा दिला तर आतल्या माणसाला खटका दाबून दार उघडता येई. दुसरा फेरा पडला की आतला खटका मेला. म्हणून आत माणूस असताना बाहेरून दुसरा फेरा कोणी देत नसते. खोली रिकामी. चाळीस वर्षांत कुलपाने त्याला खोटे सांगितले नव्हते. त्याने दोन्ही फेरे पुन्हा देऊन टाकले.

मग त्याने चौकटीला आणि दाराला भोके पाडून पोलादी कोयंडा लांब स्क्रूंनी आवळला आणि स्क्रूंच्या खाचा घासून टाकल्या. काम चालू असताना दाराच्या फळीला दोनदा-तीनदा हलका धक्का जाणवला. खालची करवत सगळी इमारत हलवते, असे त्याच्या मनात आले. कोयंड्यात त्याने आपल्याकडचे सर्वांत जड कुलूप अडकवले आणि खाली उतरला.

"काय मालक, वर खजिना ठेवला की काय?" सुताराने करवत थांबवून विचारले. "एवढं कुलूप तर बँकेला नसतं."

"चोराचा बाप आला तरी उघडणार नाही," किल्लीवाला म्हणाला. त्याला बरे वाटत होते.

तिथून तो बेकरीकडे निघाला. वाटेत फोन वाजला. अनोळखी नंबर होता.

"काका, मी वरच्या खोलीतली. सुतारदादांनी नंबर दिला. जेवणाच्या सुट्टीत घरी आले तर दाराला कुलूप—"

"माझंच आहे. घरही माझंच आहे."

"काका, ऐका, आत—"

"तुमचं सामान कुठं पळून जात नाही. ज्यानं ठेवलं त्याला विचारा."

त्याने फोन बंद करून खिशात टाकला. रडणाऱ्या बायकांशी बोलत बसले की माणूस विरघळतो आणि खोली जाते. वडिलांचे तेच झाले होते.

बेकरीवाला भट्टीमागे पोत्यांवर बसून चहा पीत होता. मालकाला पाहताच तो उठला आणि पिठाचे हात पँटला पुसू लागला.

"या मालक. इकडं कुठं?"

"सहज. खोली कशी आहे?"

"मस्त."

"झोपतोस ना तिथं?"

"म्हणजे काय! दुसरीकडं कुठं झोपणार?"

मागच्या कोपऱ्यात त्याची गादी गुंडाळून ठेवलेली होती, वर साबणाची डबी. किल्लीवाल्याने ती पाहिली. आपण कुलूप लावल्याचे त्याने सांगितले नाही. हा गडी अजून किती खोटे बोलतो ते त्याला पाहायचे होते.

"दुसरं कोणी राहतं का?"

"छे हो. माझी भाची येते अधूनमधून, झाडून जाते."

बेकरीवाल्याचा फोन वाजला. त्याने पाहिले आणि आवाज बंद केला. फोन पुन्हा थरथरला. त्याने तो पालथा ठेवला.

"घे की. भाची असेल," किल्लीवाला म्हणाला.

"नंतर बोलेन."

"आत्ता बोल. माझ्यासमोर."

बेकरीवाल्याने नाइलाजाने फोन कानाला लावला. पलीकडचा आवाज इतका मोठा होता की दोघांनाही ऐकू आला, पण शब्द फक्त एकालाच कळले. त्याच्या चेहऱ्यावरचा पिठाचा पांढरा आणि खालचा पांढरा एक झाला.

"मालक, तुम्ही कुलूप लावलं?"

"लावलं."

"तिची आई आत आहे. लकवा मारलाय तिला. बोलता येत नाही."

"खोटं. दोन फेरे होते."

"चला हो!"

बेकरीची डिलिव्हरीची गाडी घेऊन ते निघाले. गाडीत बेकरीवाला पुटपुटला, "मीच सांगितलं होतं, दार कुणाला उघडायचं नाही म्हणून." किल्लीवाला ओंजळीत किल्ली धरून बसला होता.

जिन्यावर माणसे जमली होती. सुतार पहारीने कोयंडा उचकटत होता आणि घामाने निथळला होता. कोयंडा वाकलाही नव्हता. निळ्या कोटातली बाई दाराला गाल लावून बसली होती.

"मघाशी ठकठक करत होती," ती म्हणाली. कोणाला म्हणाली ते कळले नाही. "मी हाक मारली तर काठी आपटली. मग काहीतरी पडल्यासारखं झालं."

किल्लीवाल्याच्या हाताला कुलपाचे भोक सापडेना. सुताराने त्याचे मनगट धरून किल्ली आत घातली. वरचे कुलूप निघाले. मग खालचे, एक फेरा, दुसरा फेरा. दार वीतभर उघडले आणि अडले.

सुतार आडवा होऊन आत शिरला. थोड्या वेळाने त्याने आतूनच सांगितले, "ताई, तुम्ही लगेच येऊ नका." पण ती गेलीच.

म्हातारी दाराच्या आड पडली होती, डोके उंबऱ्याच्या दगडावर. काठी हाताखाली. खाटेपासून दारापर्यंत ती भिंतीला धरून आली असावी, कारण भिंतीवरचे कॅलेंडर ओढले जाऊन लोंबत होते. खाटेजवळच्या ताटलीत दुपारच्या गोळ्या तशाच होत्या.

"मी एकदा वाजवणार होतो," किल्लीवाला म्हणाला. "पण दोन फेरे... आत माणूस असताना दोन फेरे कोण देतं?"

बाईने मान वर केली.

"मी देते. ती जिन्यावर जाते. मागं एकदा पडली होती." तिने आईच्या हाताखालची काठी बाजूला घेतली. "तुम्ही वाजवलं असतं तर तिनं काठी आपटली असती. तिला ऐकू येत होतं, काका. सगळं ऐकू येत होतं."

पोलीस आले तेव्हा खालची करवत बंद होती आणि गल्लीतला सगळा आवाज वर येत होता. हवालदाराने आधी कोयंडा पाहिला, स्क्रूंचे घासलेले माथे बोटाने चाचपले. मग विचारले, "कुलूप कोणाचं?"

"माझं."

"भाडेकरू कोण?"

"मी," बेकरीवाला म्हणाला.

"मयताचं नाव?"

बेकरीवाल्याने किल्लीवाल्याकडे पाहिले. आत मुलगी आईचा विस्कटलेला पदर नीट करत होती. एकदा, मग पुन्हा एकदा. हवालदार पेन धरून थांबला होता आणि तिच्याकडे वळून विचारायला दोघांपैकी एकही पुढे होत नव्हता.